ईएक्सटी४ सर्व्हर: वेग हवाय, पण लाईट गेली तरी डेटा टिकला पाहिजे

हापूस_०८:
नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळ आंबा पॅकिंगचं ऑफिस आहे. डेबियन सर्व्हर, १६ जीबी रॅम. ५०० जीबीच्या साध्या साटा एसएसडीवर सिस्टीम आणि पोस्टग्रेस (बिलिंगचा डेटाबेस). २ टीबी, ७२०० आरपीएम हार्ड डिस्कवर सांबा शेअर (पीसींना नेटवर्कवरून दिसणारं सामायिक फोल्डर): स्कॅन, फोटो, बिलांच्या पीडीएफ. दोन्हीकडे ईएक्सटी४ फाईलसिस्टीम (डिस्कवर फाईली मांडायची पद्धत), माउंट ऑप्शन (डिस्क जोडतानाच्या सेटिंग) डिफॉल्ट. सहा पीसी जोडलेले.

त्रास दोन. कोणी फोटोंचं मोठं फोल्डर टाकलं की बाकीच्यांना साधी पीडीएफ सेव्ह करायला वीस-पंचवीस सेकंद लागतात. आणि लाईट गेल्यावर शेवटचे काही स्कॅन शून्य बाईटचे निघतात. इन्व्हर्टर आहे, पण रात्रभर लाईट नसली की तोही बसतो. नेटवर ही ओळ मिळाली: नोएटाइम, बॅरियर=०, डेटा=राइटबॅक, कमिट=६०. टाकू का?

कणकवली_०७:
बॅरियर काढलास तर वाट लागतली! एकेक बघू.

नोएटाइम (फाईल वाचल्याची वेळ नोंदवायची नाही) टाका, धोका नाही. पण फार फरक पडणार नाही, कारण रिलएटाइम (ती वेळ क्वचितच नोंदवणं) कर्नल २.६.३० पासून डिफॉल्टच आहे.

बॅरियर=० अजिबात नको. जर्नलच्या नोंदी आधी आणि 'कमिट झालं' हा शिक्का नंतर, या क्रमावर जर्नल (फाईलसिस्टीमची बदलांची वही) उभं आहे. डिस्क आपल्या कॅशमधून सोयीने क्रम बदलते; बॅरियर तिला कॅश रिकामी करायला लावून तो क्रम राखतो. तो नसेल तर शिक्का आधी डिस्कवर पोचतो, नोंदी कॅशमध्येच मरतात. बॅटरीवाला रेड कंट्रोलर (लाईट गेली तरी आपली कॅश जपणारं डिस्कचं कार्ड) असेल तरच हा विषय काढायचा.

डेटा=राइटबॅकमध्ये क्रॅशनंतर फाईलच्या पोटात त्या जागेवरचा जुना मजकूर निघू शकतो. बिलात दुसऱ्याच गिऱ्हाइकाचा कागद! डिफॉल्ट ऑर्डर्ड (मजकूर आधी, जर्नलची नोंद नंतर) आहे, तेच राहू द्या. कमिट, म्हणजे जर्नल दर किती सेकंदांनी डिस्कवर टाकायचं ते, डिफॉल्ट ५ सेकंद. ६० केलं की न सिंक झालेलं (मुद्दाम डिस्कवर न उतरवलेलं) मिनिटभराचं काम टांगणीला.

तुमचं दुखणं माउंट ऑप्शनमध्ये नाहीच, रॅममध्ये आहे. कर्नल मोकळ्या रॅमच्या २० टक्क्यांपर्यंत न लिहिलेला डेटा साठवू देतो. तुमच्याकडे तो ३ जीबीच्या आसपास. हार्ड डिस्क सलग लिहिताना सेकंदाला १२० एमबी धरली तरी तो उपसायला २५ सेकंद. तेवढा वेळ पीडीएफ रांगेत. सिसकंट्रोल.डी (कर्नलच्या सेटिंगचं फोल्डर) मध्ये एक फाईल करून हे घाला:

व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स = ६७१०८८६४
व्हीएम.डर्टी_बाइट्स = २६८४३५४५६
व्हीएम.डर्टी_एक्स्पायर_सेंटिसेक्स = १०००

म्हणजे ६४ एमबी झाले की लिहायला सुरुवात, २५६ एमबीला लिहिणाऱ्यालाच लगाम. मोठी कॉपी वरवर हळू दिसेल, कारण आता दिसणारा वेग खरा असेल. बाइट्स भरले की त्यांच्या जोडीचे रेशो आपोआप ० दिसतात, घाबरू नका.

खाडीपलीकडे:
शून्य बाईटचं कारणही तिथेच आहे. ईएक्सटी४ नव्या फाईलला लगेच जागा देत नाही, डेटा खाली उतरवायच्या वेळी देते. नाव ५ सेकंदांत जर्नलमध्ये जातं. मजकूर मात्र डिफॉल्टने ३० सेकंदांपर्यंत रॅममध्ये असतो. त्या मधल्या वेळात लाईट गेली की नाव उरतं, आत काही नाही. जुन्या फाईलवर नवी रिनेम झाली (तिचंच नाव घेऊन जागी बसली) तर ईएक्सटी४चं ऑटो_डीए_अ‍ॅलॉक मजकूर आधी उतरवतं, म्हणून फटका नव्या स्कॅनना बसतो. वर सांगितलेल्या १००० मुळे ही मुदत ३० वरून १० सेकंदांवर येईल.

सांबाची कॉन्फिग जुनी उचललेली असेल तर 'स्ट्रिक्ट सिंक = नो' आहे का बघा. ४.७ पासून डिफॉल्ट येस आहे. नो असेल तर पीसीने 'डिस्कवर टाक' म्हटलेलं सांबा ऐकून सोडून देतो. स्कॅनच्या शेअरपुरतं 'सिंक ऑलवेज = येस' करता येतं, पण प्रत्येक राइटमागे सिंक होतो; फोटोंच्या शेअरला लावलंत तर दिवसभर शिव्या खाल.

पोस्टग्रेसमध्ये एफसिंक=ऑफ (डेटा डिस्कवर पोचल्याची खात्री न करणं) कधीही नाही, आख्खा डेटाबेस नासतो. वेग कमी वाटला तर रिपोर्ट किंवा आयात करणाऱ्या रोलपुरतं (डेटाबेसच्या युजरपुरतं) सिंक्रोनस_कमिट=ऑफ करा, म्हणजे व्यवहार डिस्कवर पोचायची वाट बघणार नाही. त्यात डिफॉल्ट सेटिंगला फार तर शेवटच्या ०.६ सेकंदाचे व्यवहार जातात, डेटाबेस धड राहतो. बिलिंगच्या रोलला मात्र ऑनच.

एक तपासणी: पीजी_टेस्ट_एफसिंक हार्ड डिस्कवर चालवा, सेकंदाला किती सिंक होतात ते कळतं. ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या. आकडा हजारांत आला तर डिस्क न लिहिताच 'लिहिलं' म्हणतेय. एचडीपार्म कमांडने तिची राइट कॅश बंद करा.

हापूस_०८:
स्ट्रिक्ट सिंक खरंच नो होतं, बदललं. डर्टीचे आकडे घातल्यावर पीडीएफ लगेच सेव्ह होतेय. आता हार्ड डिस्कवर बीटीआरएफएस (ईएक्सटी४ऐवजी दुसरी फाईलसिस्टीम) करू का? आणि इन्व्हर्टरचं काय?

खाडीपलीकडे:
स्कॅन-फोटोंना चालेल. ईएक्सटी४ चेकसम (बिघाड ओळखायचा पडताळणी आकडा) फक्त मेटाडेटाचा (फाईलींच्या नोंदींचा) ठेवते, बीटीआरएफएस मजकुराचाही. महिन्यातून एकदा स्क्रब (सगळी डिस्क वाचून चेकसम तपासणं) चालवा. पण एकाच डिस्कवर फाईल खराब झालेली कळेल, दुरुस्त होणार नाही. त्याला दुसरी प्रत लागते. पोस्टग्रेस तिथे नेऊ नका: वेगासाठी कॉपी-ऑन-राइट (जुन्यावर न लिहिता बदल नव्या जागी लिहिणं) बंद केलं की चेकसमही जातो. आणि बॅकअपची डिस्क ऑफिसात तळमजल्यावर ठेवू नका. जुलै २०२१ ला चिपळुणात पुराने काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

कणकवली_०७:
इन्व्हर्टर सर्व्हरला सांगत नाही की बॅटरी संपत आली. त्याच्यापुढे यूएसबी पोर्टवाला छोटा यूपीएस लावा आणि नट (यूपीएसवर नजर ठेवणारं) पॅकेज टाका. बॅटरी लो झाली की तो सर्व्हर नीट बंद करतो. घेण्याआधी मॉडेल नटच्या यादीत आहे का बघा. बायोसमध्ये 'पॉवर आल्यावर चालू हो' ठेवा.

स्मार्टसीटीएलमध्ये (डिस्कची तब्येत दाखवणारी कमांड) यूडीएमए_सीआरसी एरर (केबलवर डेटा बिघडल्याच्या चुका) वाढत असतील तर आधी साटा केबल बदला. खाऱ्या दमट हवेत कनेक्टर काळे पडतात आणि डिस्क उगाच बदनाम होते. पेंडिंग सेक्टर (डिस्कला नीट वाचता न येणाऱ्या जागा) वाढले तर मात्र डिस्कच बदला.

एफस्टॅबमध्ये (माउंट ऑप्शनची फाईल) डेटा डिस्कला एरर्स=रिमाउंट-आरओ (चूक दिसली की डिस्क फक्त वाचण्यापुरती) लिहा. डेबियन ते रूटला लावतं, बाकीच्या पार्टिशनला सहसा नसतं. आणि नोफेल (डिस्क नसली तरी सर्व्हर सुरू होऊ दे) लिहिणार असाल तर आधी डिस्क अनमाउंट करून रिकाम्या माउंट फोल्डरला सीएचअ‍ॅटर +आय (आत काही लिहिता येऊ नये असं कुलूप) मारा. नाहीतर डिस्क लागली नाही त्या दिवशी सांबा गुपचूप एसएसडीवर लिहीत बसेल, आणि एसएसडी भरली की पोस्टग्रेसही थांबेल.