रेडी प्लेअर वन: कादंबरीचं वाटोळं की कादंबरीची सुटका?

हौशी म्हापशेकर
पोरांच्या हट्टापायी काल स्पीलबर्गचा 'रेडी प्लेअर वन' (२०१८) परत बघितला आणि परत तेवढाच चिडलो, म्हणून हा काथ्याकूट. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: साल २०४५. जग भिकेला लागलंय, माणसं एकावर एक रचलेल्या डब्यांत राहतात आणि दिवसभर डोळ्यांवर चष्मा चढवून ओॲसिस नावाच्या आभासी दुनियेत पडून असतात. ती दुनिया घडवणारा हॅलिडे मरताना तीन किल्ल्यांचं कोडं ठेवून जातो. जो सोडवेल, मालकी त्याची. मागावर वेड वॉट्स हा अनाथ पोरगा आणि आयओआय ही पैसेवाली कंपनी. मूळ कादंबरी अर्नेस्ट क्लाइनची, २०११ सालची.

कादंबरीतला वेड घासू आहे हो! हॅलिडेला ऐंशीच्या दशकातलं जे जे आवडायचं ते त्याने तोंडपाठ केलंय. पहिल्या किल्लीसाठी तो 'जाउस्ट' हा जुना आर्केड खेळ खेळून जिंकतो, मग पहिलं दार ओलांडायला 'वॉरगेम्स' या सिनेमातल्या नायकाचं अख्खं काम संवादांसकट करून दाखवतो. सिनेमात काय? मोटारींची शर्यत! मध्ये डायनासोर, वर किंग काँग. वर्षानुवर्षं रात्री जागून मिळवलेली किल्ली आणि गाडी रिव्हर्समध्ये टाकून मिळवलेली किल्ली, दोन्ही सारख्याच मोलाच्या?

सांतिनेजची टवाळी
सारख्या नाहीत, सिनेमातली भारी आहे.

अहो म्हापशेकर, एक पोरगा दुसऱ्याच सिनेमाचे संवाद धडाधड म्हणतोय हे वाचायला मजा येते, तिकीट काढून बघायला कोण बसणार? कादंबरीत पानंच्या पानं नुसती यादी आहे: हा बँड, ती मालिका, तो खेळ. मी तर ती पानं उलटत सुटले होते. शर्यतीत सगळे पुढे जायला धडपडतात. हॅलिडे आपल्या भागीदाराशी बोलताना मागे जायची इच्छा बोलून दाखवतो, ते वेड ऐकतो आणि गाडी उलटी घालतो. पाठांतर नाही, माणूस ओळखणं आहे ते.

आणि दुसऱ्या किल्लीचं सूत्र आठवा. स्वतःच्याच निर्मितीचा तिटकारा असलेला निर्माता. त्यावरून पोरं पोचतात 'द शायनिंग'पर्यंत, कारण दिग्दर्शक कुब्रिकने १९८० साली या कादंबरीचं सिनेमात जे केलं ते तिचा लेखक स्टीफन किंगला मुळीच रुचलं नव्हतं. कादंबरीवरच्या सिनेमात हा चिमटा मुद्दाम काढलाय असं मला वाटतं. किंग नाराज राहिला, सिनेमा टिकलाच. इथे तर पटकथेत झॅक पेनच्या जोडीला खुद्द क्लाइन आहे. लेखकाची तक्रार नाही, वाचक मात्र गळा काढतायत!

काणकोणचा काजू
मेकागोडझिला आणि गंडम या दोन महाकाय यंत्रमानवांची मारामारी. पैसे वसूल. बाकी चालू द्या.

तारवट्याचा भाचा
तुमच्या भांडणात एक मुद्दा दोघांनीही सोडलाय. शेवटची किल्ली.

आमचा मामा तारवावर होता. अमेरिकेतल्या बंदरातून त्याने अटारी कंपनीचा २६००, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र, आणला. ११० व्होल्टचा, म्हणून शेजारी ठोकळ्याएवढा ट्रान्सफॉर्मर, तो तापला की आई खेळ बंद करायला लावायची. यंत्र अमेरिकन पद्धतीचं, टीव्ही इथला, त्यामुळे रंग उमटायचेच नाहीत आणि चित्र वर सरकत राहायचं. एक जण मागची खुंटी पिळून धरणार, दुसरा खेळणार. त्यात 'ॲडव्हेंचर' होता. पिवळ्या गडाला पिवळी किल्ली, काळ्याला काळी. आम्ही राखाडीच्या छटांवरून अंदाज बांधायचो. ड्रॅगन तर सरळ सरळ बदक.

सिनेमात शेवटी हाच खेळ आहे. आयओआयची पगारी माणसं तो संपवतात तरी पायाखालचा बर्फ फुटून खाली जातात. वेड जिंकायच्या मागे न लागता एक ठिपका शोधतो. तो ठिपका खरा आहे. वॉरन रॉबिनेटने हा खेळ एकट्याने लिहिला, पण अटारी तेव्हा खेळ बनवणाऱ्यांची नावं छापत नसे. म्हणून त्याने पार्श्वभूमीच्याच रंगाचा ठिपका लपवला. तो उचलून योग्य जागी नेला की गुप्त खोली उघडते आणि आत त्याचं नाव. कादंबरीतही हे आहेच, पण पडद्यावर मी सरसावून बसलो. पगारी माणसाने मालकाला न विचारता केलेली सही आहे ती, आणि कंपनीविरुद्धच्या गोष्टीचा शेवट तिच्यावर होतो. म्हापशेकर, याला शर्यत म्हणून मोडीत काढू नका.

मी पेडण्याची
कंपनीविरुद्धची गोष्ट? काय सांगताय भाचेबुवा! आयओआयचा सोरेंटो म्हणतो, फेफरं न येता माणसाच्या नजरेचा ऐंशी टक्के भाग जाहिरातींनी भरता येईल. आपण हसतो. मग दोन तास आपल्या नजरेपुढे काय असतं? सिनेमा काढणाऱ्या वॉर्नर कंपनीच्या मालकीची पात्रं आणि इतर कंपन्यांकडून परवानगीने आणलेली. कादंबरीत शेवटच्या लढाईत वेड अल्ट्रामॅन हा जपानी मालिकेतला महाकाय नायक होतो. त्याच्या हक्कांचा झगडा तेव्हा कोर्टात होता, म्हणून तो गाळला. आयर्न जायंटला भाव मिळाला, तो वॉर्नरच्याच १९९९च्या सिनेमातला. ऐंशीच्या दशकाशी त्याचा संबंध काय? त्या बिचाऱ्याची सगळी गोष्टच 'मी बंदूक नाही' म्हणणाऱ्या यंत्रमानवाची, आणि इथे त्याला लढाईत जुंपलाय. हे जुन्याचं प्रेम नाही, गोदाम रिकामं करणं आहे.

वेडचा ओॲसिसमधला मित्र एच, जो प्रत्यक्षात काळी मुलगी आहे, त्याचं काय केलं तेही बघा. कादंबरीत एचची आई ऑनलाइन कामकाज करताना गोऱ्या पुरुषाचं रूप घ्यायची, कारण त्या रूपाला लोक वेगळी वागणूक देतात, आणि मुलीनेही तेच केलं. इतका टोकदार भाग, सिनेमात एका विनोदावर निभावलाय.

सांतिनेजची टवाळी
एचबद्दल शंभर टक्के सहमत. आयर्न जायंटबद्दल नाही. त्याने त्याच्या स्वतःच्या सिनेमातही रागाच्या भरात शस्त्रं काढलीच होती की. आणि हक्क मिळाले नाहीत म्हणून सिनेमा काढायचाच नाही का?

हौशी म्हापशेकर
भाचा, ठिपक्याचं मान्य, तो प्रसंग चांगलाच आहे. पण रॉबिनेटची सही सापडायला खेळ पुनःपुन्हा खेळावा लागतो, आणि ते खेळणंच सिनेमात दिसत नाही. वेडची ओॲसिसमधली मैत्रीण आर्टेमिस, तिचंही तसंच. कादंबरीत ती दोघं शेवटच्या पानांपर्यंत प्रत्यक्ष भेटत नाहीत, ती हुरहूर किती ताणलीय! सिनेमात मध्यावरच ती समोर उभी. चेहऱ्यावर जन्मखूण आहे म्हणून लाजते, तो म्हणतो मला चालेल, झालं. शाळेच्या गॅदरिंगमधल्या नाटकात बरं असतं.

काणकोणचा काजू
पण शेवट कोणाला पटला? वेड मालक होतो आणि ओॲसिस मंगळवारी-गुरुवारी बंद ठेवतो म्हणे. आमच्याकडे दुकानं रोज दुपारी एक ते चार बंद असतात, कोणी सिनेमा काढला नाही.

मी पेडण्याची
:) दोन दिवस बंद ठेवून ज्यांची रोजीरोटी ओॲसिसमध्ये आहे त्यांनी काय करायचं, याचं उत्तर वेडकडे नाही. कादंबरीत हे तरी नाही. तिथे हॅलिडे त्याला सगळं कायमचं बंद करायचं लाल बटण दाखवतो आणि निर्णय त्याच्यावर सोडतो. वाचक अस्वस्थ राहतो. स्पीलबर्गला प्रेक्षक अस्वस्थ पाठवायचा नसतो.

तारवट्याचा भाचा
ते बटण सिनेमातही आहे, बाय. परत बघा.

मी पेडण्याची
आहे हो, पण त्यावर लगेच सुट्टीचं वेळापत्रक चिकटवलंय ना! बटणाचा धाक उरतो कुठे?

सांतिनेजची टवाळी
अस्वस्थ व्हायची इतकी हौस असेल तर २०२०चं 'रेडी प्लेअर टू' वाचा.

हौशी म्हापशेकर
त्या पुस्तकासाठी वेगळा धागा काढा. इथे नाव नको.