फणसाच्या फळीवर कोरताना ढलप्या उडतात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी मालवणचा, दोन महिन्यांपासून लाकूड कोरायला शिकतोय. वादळात पडलेल्या आमच्याच फणसाची दीड इंची फळी होती, तिच्यावर गणपती घेतला. लाकडाच्या रेषांच्या दिशेने पटाशी लोण्यासारखी चालते, आडवी लावली की कडेची ढलपी उडते. सोंडेचं टोक असंच गेलं, फार वाईट वाटलं. धार कमी पडतेय, की सहा महिने सावलीत ठेवूनही फळी आतून ओली आहे? इथली हवा दमटच.

सावंतवाडीच्या खेळण्यांना पूर्वी पांगारा वापरत, पण त्या मऊ लाकडात बारीक नक्षी टिकेल का? की शिवणीचं लाकूड घेऊ? आणि अर्ध्या इंचाची गोल पटाशी कुडाळकडे मिळते, की लोहाराकडून करून घ्यावी?