जपानवर आपल्यापेक्षा जास्त कर्ज, मग व्याजाचं ओझं आपल्यालाच का जड?

निपाणीकर:
आमच्या चिकोडी-निपाणी भागात सरकारी कर्जाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंयच, जपानवर जीडीपीच्या, म्हणजे देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या, दुपटीपेक्षा जास्त कर्ज आहे, त्यांचं काय बिघडलं? मला हे अजिबात पटत नाही. कर्ज किती ते सोडा, व्याज किती जातंय ते बघा. केंद्राच्या २०२५-२६ च्या बजेटमध्ये व्याजाला १२.७६ लाख कोटी धरलेत, एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी, म्हणजे रुपयातले चार आणे नुसत्या व्याजाला. संरक्षणाला ६.८१ लाख कोटी, म्हणजे सैन्याच्या जवळजवळ दुप्पट व्याज! जपानचं त्याच वर्षाचं बजेट साधारण ११५ लाख कोटी येन आणि व्याज साडेदहा लाख कोटी येनच्या आसपास, शंभरातले नऊ. आता सांगा कोण जास्त अडकलंय.

उद्यमबागवाला:
दादा आकडे बरोबर हायत पण तुलना चुकतेय. जपानला व्याज कमी पडतं कारण तिथल्या रिझर्व्ह बँकेनं, म्हणजे बँक ऑफ जपाननं, २०१६ पासून मार्च २०२४ पर्यंत व्याजदर शून्याच्याही खाली ठेवला आणि सरकारचे निम्म्याच्या आसपास बाँड, म्हणजे कर्जाचे रोखे, स्वतःच घेऊन ठेवले. तीस वर्षं तिथं भाव वाढले नाहीत की पगार वाढले नाहीत, तसलं स्वस्त कर्ज आपल्याला पाहिजे काय? आपलं सरकार सातच्या आसपास व्याज भरतंय पण महागाई धरून जीडीपी त्याहून जास्त वेगानं वाढत आलंय, त्यामुळं कर्ज हाताबाहेर जात नाही. आणि बहुतेक कर्ज रुपयात, घेतंय कोण तर आपल्याच बँका, एलआयसी, पीएफ. एप्रिल २०२२ ला श्रीलंका बुडाली ती डॉलरच्या कर्जानं, आपलं तसं नाही.

निपाणीकर:
कर्ज आपल्याच घरातलं घरात आहे हे मला मान्य नाही भावा, घरातल्या कुणाचं? विड्या वळणारी बाई सुद्धा तेलावर, साबणावर जीएसटी भरते, तिची कुठं एफडी आहे? तिच्याकडून घेतलेलं ज्यांच्याकडं शिल्लक आहे त्यांना व्याज म्हणून जातंय. आणि हे बघा, त्याच बजेटमध्ये तूट, म्हणजे जमेपेक्षा जास्तीचा खर्च जो कर्ज काढून भागवतात, १५.६९ लाख कोटी धरली होती, म्हणजे सरकार नवीन जेवढं काढणार त्यातले पाचातले चार वाटे जुन्या व्याजाएवढे. सोसायटीत नवं कर्ज काढून जुनं फेडत, जुनं नवं करून दिवस ढकलणाऱ्याला आपण काय म्हणतो?

खानापूरची माहेरवाशीण:
दोघंही खर्चाकडूनच बघताय, जमेकडून कोण बघणार? आपल्याकडं केंद्र आणि राज्यं मिळून कर जीडीपीच्या अठरा टक्क्यांच्या आसपास गोळा होतो, जपान तीसच्या वर जातं. जमाच कमी म्हटल्यावर व्याजाचा वाटा मोठा दिसणारच. मला तर व्याजापेक्षा हेच जास्त खुपतं, कारण शेवटी कात्री लागते ती आमच्या तालुक्यातल्या रस्त्याला आणि सरकारी दवाखान्याला.

उद्यमबागवाला:
ताईंचं बरोबर, पण म्हणून कर्जच काढू नका हे मला पटत नाही. त्याच बजेटमध्ये ११.२१ लाख कोटी भांडवली खर्चाला आहेत, रेल्वे, हायवे. आमच्याकडच्या फौंड्रीला त्यातनंच काम येतंय.

निपाणीकर:
११.२१ बांधायला आणि १२.७६ व्याजाला, तुम्हीच आकडा दिलात. आणि जपानचं उदाहरण देणाऱ्यांनी एवढं बघावं, जानेवारी २०२५ ला तिथला दर अर्ध्या टक्क्यावर गेला, आता जुने बाँड संपतील तसे नवीन महाग दरानंच काढावे लागणार.