आधी फायली, मग देणगीदार

मुलींच्या बालगृहाच्या नव्या संचालिकेने आधी काय करावं, या प्रश्नावर बहुतेकांनी सुरुवातीलाच देणगीदारांना भेटावं असं सुचवलंय. हा क्रम मला पटत नाही. आधी बालगृहाची बाल न्याय कायद्याच्या कलम ४१ खालची नोंदणी तपासा. ती ५ वर्षांचीच असते, आणि विनानोंदणी गृह चालवणाऱ्याला तुरुंगवासही होऊ शकतो. विश्वस्त बदलले असतील तर धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाची लेखी माहिती, द्या.

मग प्रत्येक मुलीची फाइल बालकल्याण समितीच्या (मुलीला कुठे ठेवायचं, कुणाकडे सोपवायचं हे ठरवणारी सरकारी समिती) आदेशाशी ताडून पाहा. खरा धोका इथे आहे: 'मामा', 'काका' म्हणून न्यायला आलेला माणूसच मुलीला विकणारा असू शकतो. गृहचौकशी अहवाल (मुलगी जिथे जाणार त्या घराच्या चौकशीचा) आणि समितीचा लेखी आदेश असल्याशिवाय ताबा देऊच नका, कितीही रडारड झाली तरी.

वार्षिक अहवालात चेहरा धूसर करून भागत नाही. गाव किंवा शाळेवरून ओळख पटली तरी त्याच कायद्याचं कलम ७४, म्हणजे मुलांची ओळख उघड करण्यावरची बंदी, लागतं.