ल्युमिनेसन्स डेटिंग: 'वाळूचं वय' म्हणावं का?

खानापूरकर: वाचनालयाच्या अंकासाठी ल्युमिनेसन्स डेटिंगवर, म्हणजे कणांतल्या उजेडावरून काळ काढायच्या पद्धतीवर, टिपण लिहितोय. मथळा 'मलप्रभेच्या वाळूचं वय'. ल्युमिनेसन्सला 'दीप्ती' चालेल ना?

कणबर्गी: दीप्ती चालेल, 'वय' नको. वाळू ज्या खडकातून सुटली तो कोट्यवधी वर्षांचा. इथं कळतं ते कणाला शेवटचं ऊन कधी लागलं एवढंच. ऊन लागलं की स्फटिकातल्या दोषांत अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात, पाटी कोरी. वर गाळ बसला की भोवतालच्या युरेनियम, थोरियम, पोटॅशियमच्या किरणोत्सारानं ते पुन्हा साठायला लागतात. प्रयोगशाळेत कणावर प्रकाश टाकला की साठा उजेड होऊन बाहेर पडतो. त्यावरून किरणोत्साराची एकूण मात्रा काढायची, तिला वर्षाला मिळणाऱ्या मात्रेनं भागायचं. 'गाडल्याचा काळ' लिहा.

खानापूरकर: मयतीसारखं वाटतंय की हो! 'शेवटचं ऊन' करू का?

कणबर्गी: झकास. फक्त नमुना काढताना ऊन लागलं तर तेच शेवटचं! म्हणून गाळाच्या कड्यात लोखंडी नळी ठोकतात, तोंडं लगेच बंद करतात आणि लाल दिव्याच्या अंधुक उजेडात उघडतात.

हिडकल: दगडाच्या पृष्ठभागाला मात्र दोन्ही शब्द अपुरे. दगड उघडा पडला की ऊन हळूहळू आत पोचतं. जितका काळ उघडा, तितक्या खोलवर साठा रिकामा. दगडातून बारीक दांडी कापून काढतात, तिच्या मिलिमीटरभर जाडीच्या चकत्या करून हे तपासतात. तिथं 'उघडं पडल्याचा काळ' म्हणा. आणि बेळगावजवळच्या वडगाव-माधवपूरसारख्या उत्खननाच्या ठिकाणचं खापर असेल तर ऊन नाहीच, भट्टीची आच. ती 'तापदीप्ती'. उन्हानं कोऱ्या होणाऱ्या कणांसाठीची 'प्रकाशदीप्ती' 1985 साली पुढं आली.

खानापूरकर: वाळूतल्या क्वार्ट्झ या खनिजाला 'गार' लिहू? की वाचणाऱ्याला पावसातली गार वाटेल?

हिडकल: 'गारगोटी' लिहा, आपल्याकडं सगळ्यांना कळतं. कानडीत बेणचुकल्लू. गोकाकच्या धबधब्याजवळच्या खडकात ती भरपूर, बेळगावच्या काळ्या दगडात क्वचितच. फेल्डस्पार हे दुसरं खनिज, ते नाव तसंच ठेवा.

कणबर्गी: आणि कुणी सोपं म्हणून 'कार्बन डेटिंग' घालायला सांगितलं तर ऐकू नका. त्याला कोळसा, हाड, शिंपला असं काही लागतं आणि साधारण 50 हजार वर्षांपुढं ते चालत नाही. दीप्तीच्या पद्धतीला नुसती वाळू पुरते, आणि ती लाख वर्षांच्याही मागं जाते.