अण्णांच्या चहातलं बिस्कीट सोडवायचंय; कुत्र्याला रोज काय खाऊ द्यावा?

जुळेसोलापूरकरीण:
नमस्कार मंडळी. आमचा गुंड्या, लॅब्रॅडॉर, पाच वर्षांचा. परवा लसीला नेला तर काट्यावर ३४ किलो भरला. डॉक्टर म्हणाले, २९-३० वर आणा, वरचं खाणं बंद करा. वरचं खाणं म्हणजे आमचे सासरे. सकाळचा आणि चारचा चहा अण्णा गॅलरीत घेतात. पुड्याचा कागद वाजला की हा गाढ झोपेतून उठतो, अण्णांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवतो आणि डोळे वर करून बघत राहतो. मग बिस्किटं चहात बुडवून सहा त्यांना, सहा याला. काही बोलायला गेलं की "मुक्या जनावराच्या तोंडचा घास काढू काय?" म्हणतात आणि रुसून बसतात. जेवताना शेंगाचटणी लावलेली कडक भाकरी असतेच.

पाकिटातला खाऊ महाग, आणि आत काय असतं तेही कळत नाही. घरातलं, रोज देता येईल असं काही सांगा. उन्हाळ्याचंही सांगा. पारा चाळिशी ओलांडला की हा फरशीवरून हलत नाही.

भाकरतुकडा, अशोक चौक:
ताई, अण्णांना अडवायच्या फंदात पडू नका, पुडा बदला. खुर्चीशेजारी एक छोटा स्टीलचा डबा ठेवायचा. दिवसभराचा खाऊ सकाळीच त्यात, डबा रिकामा झाला की संपलं. देणारा हात अण्णांचाच राहू द्या.

आता हिशेब. वजन उतरवायचं तर गुंड्याला दिवसाला साधारण ९०० ते १००० कॅलरी पुरतात. खाऊ त्याच्या दहाव्या हिश्शात बसवायचा, म्हणजे शंभरच्या आत. एका ग्लुकोज बिस्किटात २०-२५ धरा. दोन चहांची बारा म्हणजे अडीचशे-तीनशे! जेवण कितीही मोजून द्या, वजन हलणार नाही. त्याउलट १०० ग्रॅम काकडीत १५, गाजरात चाळीसेक. आणि कुत्रं नग मोजतं, वजन नाही. हरभऱ्याएवढा तुकडा दिला तरी त्याच्या लेखी "मिळालं".

मी डब्यात काय भरतो? काकडी, गाजर, वाफवलेला लाल भोपळा, उकडलेली फरसबी, बिया काढलेलं सफरचंद. सगळं फोडणीला टाकायच्या आधी बाजूला काढलेलं, मीठसुद्धा नाही. अर्धं उकडलेलं अंडं दिलं तर त्या दिवशी बाकीचं कमी. कडक भाकरीही चालते, पण बिनमिठाची, कोरडी आणि दोन बोटांएवढीच. धान्य कुत्र्याला पचत नाही म्हणतात त्यात दम नाही. पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात, हे २०१३ च्या संशोधनात दिसलंय. आमच्याकडे मंगळवेढ्याची ज्वारी असते, तिचा तुकडा कुडुम कुडुम चावत बसतो.

शेंगाचटणी मात्र आजपासून बंद. तिखट-मीठ सोडा, तिच्यात लसूण असतो. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. भाजला, शिजवला, वाळवला, काही फरक पडत नाही.

दुसरं, बेदाणा. पंढरपूरकडचे पाहुणे आले की घरात किलोनं येतो, आणि सत्यनारायणाच्या शिऱ्यात तर हमखास. "प्रसादच आहे" म्हणून कुणीतरी चमचाभर भरवतं. द्राक्षं-बेदाण्यानं कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. एखाद्याला भरपूर खाऊन काही होत नाही, एखाद्याला थोडक्यात होतं, म्हणून अंदाजावर जायचं नाही. २०२१ पासून तज्ज्ञ त्यातल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवतात. तेच चिंचेत असतं, तेव्हा आमटी-भातही नको. खाल्लंच तर वाट न बघता लगेच डॉक्टरांना फोन. चॉकलेट, आणि झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीला वापरतात ते) घातलेलं काहीही याच यादीत.

उन्हाळ्यात बर्फाच्या ट्रेमध्ये पातळ, बिनमिठाचं ताक गोठवा. बिया काढलेलं कलिंगडही चालतं, पण फोडी दोन-तीनच.

बेएकेबे:
गाजर-काकडी वाचायला बरं वाटतं ओ. आमचं कुत्रं गाजर तोंडात घेतं, पायरीवर ठेवतं आणि माझ्याकडे बघतं. त्याला चिकनच लागतं. नुसतं पाण्यात उकडायचं, कातडं काढायचं, धागे धागे करून फ्रिजमध्ये ठेवायचं. कलेजी आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळीच, त्यात अ जीवनसत्त्व फार असतं. मटणाच्या रश्श्यातलं हाड देऊ नका, शिजलेलं हाड चिरफळतं आणि आतड्यात घुसतं.

आणि लॅब्रॅडॉरला आळशी म्हणून नावं ठेवू नका. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये जनुकातला एक बिघड सापडला, त्यानं भूक भागतच नाही. नाहीतर लोक म्हणतात, "नुसतं बसून खाऊलालंय बे!"

जुळेसोलापूरकरीण:
दोघांचे आभार. डबा सुरू केलाय. भोपळा एका दमात, गाजर नाकारलं, काकडी अण्णांच्या हातून खाल्ली, माझ्या हातून नाही. अण्णांनी पहिल्या दिवशी तोंड वाकडं केलं. आता डबा भरायचं काम स्वतःकडेच घेतलंय आणि विचारतात, फुटाणे चालतील का? त्यांच्या खिशात कायम असतात.

भाकरतुकडा, अशोक चौक:
साधे, साल काढलेले, मीठ-हळद न लावलेले आठ-दहा चालतील, पण डब्यातूनच, खिशातून नाही. पोटात वारा धरला तर बंद. वजन दर पंधरा दिवसांनी एकाच काट्यावर करा. आठवड्याला तीनशे-चारशे ग्रॅम उतरलं तरी पुरे, त्याहून घाई नको. महिनाभरात काटा हललाच नाही, तर डॉक्टरांना थायरॉइडचं विचारून घ्या.