मदत हवी: आतड्याच्या कॅन्सरमध्ये मिआर-१४३/१४५ खरंच घटतात, की नमुन्यात स्नायूच कमी येतो?

नमस्कार मंडळी,

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमधल्या मायक्रोआरएनएवर (जीन्सना आवर घालणारे छोटे आरएनए रेणू, नावात ‘मिआर’) माझं पीएचडीचं काम चालू आहे. जुन्या पॅराफिन ब्लॉकमधून (मेणात जपलेले टिश्यूचे तुकडे) ट्यूमर आणि त्याच पेशंटचा शेजारचा निरोगी भाग अशा जोड्या घेऊन क्यूपीसीआर (रेणूचं प्रमाण मोजणारी चाचणी) करते. हे रेणू जेमतेम २२ अक्षरांचे (न्यूक्लिओटाइडचे), त्यामुळे फॉर्मेलिनमध्ये राहिलेल्या ब्लॉकमधूनही नीट निघतात.

घोडं अडलंय ते अर्थ लावताना. मिआर-२१ ट्यूमरमध्ये वाढलेला, मिआर-१४३ आणि १४५ घटलेले. १४५ तर साधारण ३ सायकल उशिरा उठतो (दर सायकलला दुप्पट), म्हणजे ८ पट कमी. २००३ पासून पेपरांतून हेच येतंय. १४३ केआरएएस या कॅन्सर वाढवणाऱ्या जीनला आवर घालतो, म्हणून तो ट्यूमर सप्रेसर (कॅन्सर रोखणारा), असं सगळे धरूनच चालतात.

पण परवा पॅथॉलॉजीच्या मॅडमसोबत एचअँडई (नेहमीच्या पद्धतीने रंगवलेल्या) स्लाइड पाहिल्या. निरोगी तुकड्यात म्यूकोसाखाली (आतड्याच्या आतल्या अस्तराखाली) गुलाबी स्नायूचा जाडजूड पट्टा, आणि ट्यूमरच्या कापात नुसत्या वेड्यावाकड्या ग्रंथी, स्नायू जवळजवळ नाहीच! हे दोन्ही रेणू आतड्यात मुळात एपिथेलियममध्ये (कॅन्सर जिथून सुरू होतो त्या अस्तराच्या पेशीथरात) नसून स्नायू, फायब्रोब्लास्ट अशा मेसेन्कायमल (आधार देणाऱ्या) पेशींत असतात, हे २०१४ मध्ये उंदरांवरच्या कामातून ‘सेल’मध्ये आलेलं आहे. मग माझी ८ पट घट कॅन्सरची, की गायब झालेल्या स्नायूची? मिआर-२१ सुद्धा इन सिटू हायब्रिडायझेशनमध्ये (रेणू नेमका कुठल्या पेशीत आहे ते स्लाइडवरच दाखवणारी पद्धत) बराचसा स्ट्रोमातच, म्हणजे ग्रंथींभोवतीच्या आधाराच्या टिश्यूतच दिसतो.

सर म्हणतात, सगळे असंच छापतात, पुढे चल. मला ते पटत नाही. उद्या यावरून कुणी औषधाचा विचार करेल, आणि ज्या पेशीत तो रेणू कधी नव्हताच तिथे तो ‘परत’ घालायला निघेल.

लेझर मायक्रोडिसेक्शन (लेझरने हव्या त्याच पेशी कापून घेणं) आमच्याकडे नाही. मॅडमनी स्लाइडवर खूण करून द्यायची आणि निरोगी भागातली फक्त म्यूकोसा सुईने खरवडून घ्यायची, एवढं जमेल. म्यूकोसातही थोडा स्नायू असतोच, तेवढ्याने भागेल का? की डेस्मिनसारखं स्नायूचं जीन सोबत मोजून हिशेब जुळवता येईल? पण पॅराफिनमध्ये लांब एमआरएनएचे (जीनवरून बनणाऱ्या आरएनएचे) तुकडे झालेले असतात, त्यावर कितपत विसंबावं?

शिवाय तुलनेसाठी कंट्रोल म्हणून यू६ हा पेशीतला दुसरा आरएनए घेतलाय. तो शंभरावर अक्षरांचा, म्हणजे जुन्या ब्लॉकमध्ये २२ अक्षरी रेणूंसारखाच टिकेल असं कसं धरायचं? त्याऐवजी दोन-तीन स्थिर मायक्रोआरएनएंची सरासरी कुणी वापरली आहे का?

पॅराफिन ब्लॉकवर स्वतः काम केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. उरलेले ब्लॉक कापायला देण्याआधी हे ठरवायचं आहे, कारण काही ब्लॉकमध्ये टिश्यू फारच थोडा उरलाय.